पेय तसे पात्र? हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात पेयपात्रांच्या भेदाचा आढावा

वाइन, बिअर, चहा, ताक, सरबत आणि साधे पाणी ही सगळी द्रवरूप पेये असली, तरी ती एकाच प्रकारच्या पात्रातून दिली जात नाहीत, आणि पात्रांतील हा भेद कशावर ठरतो या प्रश्नाला वेगवेगळ्या समाजांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. आधुनिक युरोपीय पानपरंपरेत हे उत्तर मुख्यतः आकारात शोधले जाते. तांबड्या वाइनसाठी रुंद पोटाचा दांडीदार पेला, पांढरीसाठी त्याहून लहान, बुडबुडे असलेल्या वाइनसाठी उंच व अरुंद, ब्रँडीसाठी फुगीर पोटाचा आणि आखूड दांडीचा, व्हिस्कीसाठी सपाट बुडाचा जाड ग्लास अशी ही विभागणी आहे, आणि तिच्यामागे गंध, तापमान व वायू यांचा हिशेब असल्याचे सांगितले जाते. मराठी मुलखात मात्र पात्राची निवड ज्या कसोट्यांवर होत आली, त्यांत आकाराचा क्रम बराच खाली लागतो. भांडे कोणत्या द्रव्याचे आहे, ते पिणाऱ्याच्या ओठांना लागते की नाही, ते कोणाच्या हातात द्यायचे आणि त्यात किती मावते, हे प्रश्न येथे आधी विचारले गेले.

हा आढावा हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात घेण्यास कारण आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि १९०३ पर्यंत हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणीही होती. औंढा नागनाथ येथील ज्योतिर्लिंगाची पूजापात्रे, निजामी राज्यातील सुरई आणि आफताबा, बंजारा तांडे व आंध आदिवासी वस्त्या, शिंदीची झाडे, बसस्थानकावरची चहाची टपरी आणि परमिट रूम हे सगळे एका लहानशा प्रदेशात एकमेकांशेजारी आढळत असल्याने, पात्रभेदाची वेगवेगळी तत्त्वे येथे एकत्र तपासता येतात.

प्राचीन साहित्य आणि उत्खनने

पेयानुसार पात्र निवडण्याचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानविधी सांगताना कोणता पदार्थ कोणत्या भांड्यात द्यावा याची सविस्तर वाटणी केलेली आहे. तिच्यानुसार तूप लोखंडाच्या पात्रात आणि पेया, म्हणजे तांदळाची पातळ पेज, चांदीच्या पात्रात द्यावी, तापवून थंड केलेले दूध तांब्याच्या पात्रात द्यावे, पाणी, पानक (गोड-आंबट सरबत) आणि मद्य ही तिन्ही मातीच्या पात्रांतून द्यावीत, तर राग, षाडव यांसारखे चवदार पातळ पदार्थ काच, स्फटिक किंवा वैडूर्याने नटलेल्या पात्रांतून द्यावेत. या यादीत भांड्याच्या आकाराविषयी जवळजवळ काही नाही. द्रव्य हाच तिचा आधार आहे, आणि मद्याला पाण्याच्या व सरबताच्या पंक्तीत बसवून त्याला मातीचे पात्र नेमून दिले आहे, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

कौटिलीय अर्थशास्त्रातील दृष्टी वेगळी आहे. सुराध्यक्ष, म्हणजे मद्यनिर्मिती व विक्रीवर देखरेख करणारा अधिकारी, याच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार सांगितले आहेत. मधु हे द्राक्षांच्या रसाचे मद्य होय. तेथे पात्राचा विचार येतो तो मापाच्या रूपाने: ज्यांच्या चारित्र्याची खात्री आहे अशांनाच कुडुंबाच्या चतुर्थांशापासून एका प्रस्थापर्यंतची ठरावीक मापे बाहेर नेऊ द्यावीत, बाकीच्यांनी पानागारातच, म्हणजे आसने व शय्या मांडलेल्या मद्यगृहातच, प्यावे अशी तरतूद आहे. अशा रीतीने एका ग्रंथात पात्र हे वैद्यकाचे साधन ठरते आणि दुसऱ्यात ते राज्याच्या नियंत्रणाचे साधन ठरते.

उत्खननांतून मिळणारा पुरावा या दोहोंना पूरक आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०–५१ मध्ये झालेल्या उत्खननामुळे ज्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले, तिच्या तांबड्या, काळ्या नक्षीच्या मृद्‌भांड्यांत लांब तोटीचे भांडे हा ठळक प्रकार आहे. तोटी असलेल्या भांड्यातून द्रव बारीक धारेने आणि नेमक्या जागी ओतता येतो, त्यामुळे साठवणे, ओतणे आणि पिणे या तीन क्रियांपैकी ओतण्यासाठी वेगळे भांडे घडवण्याची पद्धत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातच रूढ होती असे म्हणता येते.

सातवाहनकाळात विदेशी मद्य दख्खनच्या बाजारात येऊ लागले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भडोच बंदरात इटालियन वाइन उतरत असल्याचा आणि तिला अधिक पसंती असल्याचा उल्लेख आहे, तसेच त्या बंदराशी जोडलेल्या अंतर्भागातील बाजारपेठा म्हणून पैठण आणि तेर यांची नावे आहेत. ही वाइन ज्या दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या कुंभांतून येत असे त्यांना अँफोरा म्हणतात, आणि त्यांचे तुकडे नेवासे येथे मिळाले आहेत. भारतात पूर्वी अँफोरा म्हणून नोंदलेले काही तुकडे प्रत्यक्षात मेसोपोटेमियाकडील ‘टॉर्पेडो’ आकाराच्या बिनकानी रांजणांचे आहेत, हे अलीकडच्या संशोधनात दिसून आले. या दोन्ही प्रकारांत एक समान युक्ती आढळते. मातीच्या भाजलेल्या भांड्याला सूक्ष्म छिद्रे असल्याने द्रव झिरपतो, म्हणून वाइनच्या अँफोरांना आतून बहुधा झाडाच्या डिंकापासून केलेल्या राळेचा, तर टॉर्पेडो रांजणांना डांबराचा लेप दिला जाई. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४० च्या दशकात सापडलेल्या कांस्यवस्तूंमध्ये पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवतेच्या मूर्तीबरोबर रोमन घडणीची मुठीची सुरईही होती. परदेशी पेयाबरोबर ते ओतण्याचे परदेशी पात्रही येथवर पोचत होते, याचा तो सरळ पुरावा होय. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेषातील पुरुष हातात पेला घेऊन बसलेला आणि सेवक त्याच्या दिमतीला असलेले चित्र आहे. चित्रकाराने परकेपणा दाखवण्यासाठी टोपी आणि अंगरख्याइतकाच पेल्याचाही उपयोग केलेला दिसतो.

पात्राचे द्रव्य: माती, तांबे, पितळ, कासे आणि पोलाद

मराठवाड्याच्या हवामानात मातीच्या पात्राचे महत्त्व समजून घेण्यास थोडे भौतिकशास्त्र पुरते. माठाच्या छिद्रांतून बाहेर आलेले पाणी वाफ होऊन उडते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. एक लिटर पाण्यातून केवळ दहा ग्रॅम पाण्याची वाफ झाली आणि सगळी उष्णता उरलेल्या पाण्यानेच पुरवली असे मानले, तर त्याचे तापमान साडेपाच ते सहा अंश सेल्सिअसने उतरते. हवा जितकी कोरडी तितका हा परिणाम अधिक असतो. म्हणून चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या हिंगोलीच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ, रांजण आणि सुरई जे काम करतात ते मुंबईच्या दमट हवेत त्यांना तितकेसे साधत नाही. सुश्रुताने पाणी, पानक व मद्य यांना एकत्र मातीच्या पात्रात का बसवले असावे, याचे एक संभाव्य उत्तर या शीतलतेत सापडते: तिन्ही पेये थंडच हवी असतात, आणि तिन्हींपैकी दोन आंबट असल्याने त्यांना धातू चालत नाही.

धातूच्या भांड्यांत हा आंबटपणाच निर्णायक ठरतो. तांबे आम्लात, हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने, हळूहळू विरघळते, आणि पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रण असल्याने त्यालाही हाच दोष लागतो. ताक, चिंचेचे सार, लिंबाचे सरबत किंवा पन्हे पितळेच्या भांड्यात ठेवले की ते कळकते, म्हणजे त्याला धातूची कडवट, मळमळ आणणारी चव येते, हे घरोघरी माहीत असलेले निरीक्षण याच रासायनिक क्रियेचे आहे. त्यावरचा पारंपरिक उपाय कल्हई हा होय. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागराने, म्हणजे अमोनियम क्लोराइडने, पृष्ठभाग स्वच्छ करून, त्यावर वितळलेल्या कथलाचा पातळ थर कापसाच्या बोळ्याने पसरवीत असे. कथील आम्लाला तांब्यापेक्षा बरेच कमी दाद देते, त्यामुळे कल्हई असेपर्यंत भांडे सुरक्षित राहते आणि ती उडाली की पुन्हा करावी लागते. काशाचे, म्हणजे तांबे व कथील यांच्या मिश्रणाचे, भांडे पितळेपेक्षा कमी कळकते, म्हणून जेवणाच्या ताटवाट्यांत त्याला मान होता. वाइनची आम्लता साधारणपणे ताकाच्या आसपास किंवा त्याहून थोडी अधिक असते, तेव्हा ताकाला जे भांडे वर्ज्य ते वाइनलाही वर्ज्य, हा घरगुती नियम तंतोतंत लागू पडतो.

औंढा नागनाथासारख्या शिवस्थानी हाच भेद विधीच्या रूपात दिसतो. लिंगावर पाण्याची संततधार धरणारे अभिषेकपात्र, तीर्थाची पळी, पंचपात्र आणि ताम्हण ही परंपरेने तांब्याची असतात, पण दूध, दही व मध असलेले पंचामृत तांब्यात ठेवू नये, ते चांदीच्या किंवा अन्य भांड्यात घ्यावे, असा संकेत महाराष्ट्रात सर्वत्र सांगितला जातो. त्याला धार्मिक कारण जोडले जात असले, तरी परिणामी आंबट होणाऱ्या द्रवाला तांब्यापासून दूर ठेवण्याचे काम तो चोख करतो.

निजामी राजवटीने या भागाला दरबारी पात्रांचा आणखी एक थर दिला. पाहुण्याच्या हातावर पाणी घालण्याचा तोटीदार आफताबा, त्याखालची चिलमची, उंच मानेची सुरई आणि सरबताचे कटोरे हे दख्खनी मुस्लिम घराण्यांतील आदरातिथ्याचे साहित्य होते. शेजारच्या बीदर येथील बिदरी कामाच्या सुरया आणि आफताबे या काळात नावाजलेले होते. बिदरीचा मूळ धातू मुख्यतः जस्त असून त्यात थोडे तांबे असते, आणि काळ्या केलेल्या पृष्ठभागावर चांदीची नक्षी जडवलेली असते. जस्त आम्लाने लवकर झिजत असल्याने अशा पात्राचा उपयोग पाणी, गुलाबजल व शोभा यांपुरता राहिला यात नवल नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलने हे सगळे भेद एकदम पुसून टाकले. साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेल्या या पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, आपोआप भरून येणारा थर असतो, त्यामुळे ताक, सरबत, दूध, चहा यांपैकी काहीही त्याला चालते, आणि कल्हईची गरजच संपते. रुखवतात मांडलेले, नावे कोरलेले स्टीलचे तांबे-पेले हे या बदलाचे घरोघरचे चिन्ह झाले. द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिक परिसरात वाइन आंबवण्याच्या व साठवण्याच्या टाक्याही बहुतांशी स्टेनलेस स्टीलच्याच असतात, तेव्हा वाइन स्टीलच्या पेल्यातून घेतल्यास ती बिघडते हा समज निराधार आहे. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि त्याचा तोंडाशी रुंद होत जाणारा घाट गंध धरून ठेवत नाही, एवढाच त्याचा उणेपणा आहे.

ओठ, नाक आणि उष्ट्याची कल्पना

येथे आकाराचा प्रश्न येतो. वाइनच्या दांडीदार पेल्याची रचना तीन गोष्टींवर उभी आहे. दांडीमुळे हाताची उष्णता द्रवाला लागत नाही. रुंद पोटामुळे द्रवाचा मोठा पृष्ठभाग हवेला मिळतो आणि गंधद्रव्ये मोकळी होतात. आत वळलेल्या तोंडामुळे ती गंधद्रव्ये पेल्यातच साठून नाकाशी पोचतात, आणि म्हणूनच पेला साधारण एक-तृतीयांशच भरायचा असतो. टोकियो मेडिकल अँड डेंटल युनिव्हर्सिटीतील कोजी मित्सुबायाशी यांच्या गटाने २०१५ मध्ये पेल्यांवरील अल्कोहोलच्या वाफेचे चित्रण केले. त्यात १३ अंशांवर ठेवलेल्या वाइनच्या पेल्याच्या काठाभोवती वाफेचे कडे दिसले आणि मधोमध ती कमी आढळली. सरळ ग्लासात किंवा पसरट मार्टिनी ग्लासात असे कडे दिसले नाही. अल्कोहोलच्या झोताखाली न दबता वाइनचा वास घेता येतो, या दाव्याला त्यामुळे काही आधार मिळाला. याउलट, विशिष्ट आकाराचा पेला वाइनला जिभेच्या गोड किंवा आंबट ‘भागावर’ नेऊन सोडतो, हा विक्रीसाठी वापरला जाणारा दावा टिकत नाही, कारण सर्व चवी जिभेच्या सर्व रुचिग्राही भागांवर कळतात आणि जिभेचा तो जुना नकाशा चुकीच्या वाचनातून रूढ झालेला आहे. वाइनच्या तज्ज्ञ परीक्षेसाठी १९७७ मध्ये ठरवलेला आंतरराष्ट्रीय प्रमाण पेला एकच असून सर्व प्रकारच्या वाइनना तोच चालतो, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

बुडबुड्यांच्या वाइनबाबत आकाराचे महत्त्व अधिक पक्के आहे. पसरट पेल्यातून कार्बन डायऑक्साइड लवकर निघून जातो, उंच अरुंद पेल्यात तो टिकतो. चहा बशीत ओतला की लवकर निवतो त्याचे कारणही पृष्ठभागाची तीच वाढ होय. रीम्स येथील संशोधक जेरार लिजे-बेलेर यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, पेला तिरका धरून शॅम्पेन हळू ओतल्यास सरळ ओतण्यापेक्षा अधिक वायू शिल्लक राहतो. वायू राखण्याची सर्वांत चतुर युक्ती मात्र हिंगोलीच्या दसरा महोत्सवात येणाऱ्यांच्या ओळखीची आहे. हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकात पेटंट घेतलेल्या गोटी सोड्याच्या बाटलीत आतल्या वायूच्या दाबानेच काचेची गोटी मानेतील रबरी कड्यावर घट्ट बसते, म्हणजे पेय स्वतःच आपले बूच लावून घेते.

पण दांडीदार पेल्याच्या या सगळ्या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे: पिणारा काठाला ओठ लावतो आणि त्याचे नाक पेल्याच्या तोंडाशी येते. मराठी घरात पाणी पिण्याची जुनी रीत याच्या नेमकी उलट आहे. तांब्या ओठांना न लावता वर धरून पाण्याची धार तोंडात सोडली जाते, कारण ओठ लागताच भांडे उष्टे होते, आणि उष्टे भांडे धुतल्याखेरीज दुसऱ्याला देता येत नाही. तांब्याचा गोल पोटाचा, आखूड गळ्याचा आणि बाहेर उलटलेल्या काठाचा घाट धार नेमकी सोडण्यासाठी सोयीचा आहे. त्यात गंध धरून ठेवण्याला काही कामच नाही. पाहुण्याला गूळ-पाणी देताना तांब्याबरोबर पेला किंवा फुलपात्र ठेवले जाते ते ओतून घेण्यासाठी, म्हणजे साठवणाचे भांडे सर्वांचे आणि पिण्याचे भांडे एकट्याचे असा भेद ठेवण्यासाठी. द्रोणाने हा पेच आणखी सोप्या रीतीने सोडवला. पळसाच्या पानांचा द्रोण एकदा वापरून टाकून दिला की उष्ट्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून पंगतीत कढी, आमटी, खीर त्यातूनच वाढली जाई.

उष्ट्याच्या या कल्पनेला जातिभेदाची जोड मिळाली तेव्हा पात्र हे अपमानाचे साधन बनले. धर्मशास्त्रीय शुद्धिविचारात धातूचे भांडे राख, आंबट किंवा अग्नी यांनी शुद्ध करता येते, मातीचे मात्र पुन्हा भाजावे किंवा टाकावे लागते, असा भेद आहे. त्याचा सामाजिक परिणाम असा झाला की, अस्पृश्य मानलेल्यांना पाणी वरून ओंजळीत ओतले जाई, आणि गावोगावच्या चहाच्या हॉटेलांत त्यांच्यासाठी वेगळ्या, बहुधा फुटक्या किंवा कान तुटलेल्या, कपबशा बाहेर ठेवल्या जात व त्या त्यांनीच धुवाव्या लागत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, त्या कृतीचे मर्म या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक उपाहारगृहांत भांड्यांच्या वापराबाबत असा भेद करणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. एकाच पेयासाठी माणसागणिक वेगळे पात्र ही पात्रभेदाची सर्वांत जुलमी रीत होती, आणि कोणत्या पेयाला कोणता ग्लास या आजच्या चर्चेत तिची आठवण सहसा होत नाही.

पात्रामुळे ठरणारे पेय: नीरा, शिंदी आणि मोह

आतापर्यंतच्या उदाहरणांत पेय आधी ठरते आणि पात्र नंतर निवडले जाते. शिंदीच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. ओढ्यानाल्यांच्या काठी वाढणाऱ्या शिंदीच्या झाडाला छेद देऊन पाझरणारा गोड रस मडक्यात धरला जातो. मडके स्वच्छ असेल, त्याला आतून चुना लावलेला असेल आणि रस सूर्योदयापूर्वी उतरवला असेल, तर मिळते ती नीरा, म्हणजे न आंबलेले गोड पेय. तेच मडके न धुता पुन्हा बांधले, तर त्याच्या छिद्रांत मुरलेली किण्वे, म्हणजे साखरेचे अल्कोहोल करणारे सूक्ष्मजीव, रसात मिसळतात आणि तो काही तासांत आंबून शिंदी होतो. मडक्याची निगा ही येथे पेयाची जात ठरवते. संस्थानी काळात शिंदी, ताडी आणि मोहाची दारू यांवरील अबकारी कर हा हैदराबाद सरकारच्या उत्पन्नाच्या मोठ्या स्रोतांपैकी एक होता, त्यामुळे मडके ही अबकारी खात्याच्याही लक्षाची वस्तू होती.

मोहाच्या फुलांच्या दारूत मातीचीच भांडी भट्टीचे काम करीत. आंबवलेल्या फुलांचे मडके चुलीवर, त्यावर वाफ धरणारे दुसरे भांडे आणि सर्वांत वर थंड पाण्याचे पात्र अशी उतरंड रचून वाफेचा द्रव केला जाई. किनवटच्या जंगलपट्ट्यासारख्या मोहाच्या प्रदेशात फुले सहज मिळत. गोव्यात काजूच्या फेणीसाठी हीच प्रक्रिया तांब्याच्या मोठ्या भांड्यात होते आणि तयार फेणी गर्राफांव या काचेच्या मोठ्या पोटाच्या बाटल्यांत मुरवली जाते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि तिच्यासाठी खास पेलेही बाजारात आले. मोहाच्या वाट्याला मात्र हातभट्टीवर बेकायदा गाळल्या जाणाऱ्या दारूची बदनामी, रबरी ट्यूब आणि प्लास्टिकचे कॅन आले. पेयाला प्रतिष्ठा मिळाली की त्याला स्वतंत्र पात्र मिळते, आणि ती नसेल तर हाती लागेल त्या पात्रातून ते दिले जाते, हे या दोन गाळीव मद्यांच्या तुलनेतून दिसते.

माप आणि कायदा

स्वातंत्र्यानंतर मद्याचे पात्र मुख्यतः मापाच्या अंगाने पुढे आले. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा असून त्याच्याच चौकटीत पुढे परवान्याची पद्धत आणि परमिट रूम आले, तर देशी दारूचे नियम १९७३ मध्ये झाले. बाजारातील मापे ७५० मिलिलिटरची बाटली, १८० मिलिलिटरची क्वार्टर आणि ९० मिलिलिटरची लहान बाटली अशी आहेत. क्वार्टरची बाटली खिशात मावावी म्हणून चपटी केलेली असते आणि तिला तेच नाव पडले आहे. ग्लासात ओतताना ३० मिलिलिटरचा छोटा आणि ६० मिलिलिटरचा मोठा पेग हे माप चालते. देशी दारू बहुधा बाटलीतूनच किंवा साध्या ग्लासात पाणी घालून झटपट संपवली जात असल्याने तेथे ग्लासाच्या आकाराला अर्थ नसतो, बाटलीच्या मापाला असतो. पात्राच्या मापाचा पिण्याच्या प्रमाणाशी संबंध इतरत्रही तपासला गेला आहे: केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, इंग्लंडमधील वाइनच्या पेल्याची सरासरी क्षमता १७०० च्या सुमारास ६६ मिलिलिटर होती, ती ४४९ मिलिलिटरवर गेली आहे. गंधासाठी मोकळी जागा हवी म्हणून वाढलेला पेला ओतणाऱ्याच्या हाताला अधिक ओतायलाही लावू शकतो.

बाटली हे पात्र महाराष्ट्रात मतपत्रिकेवरही आले. गावातील दारूचे दुकान बंद करायचे की नाही यावर मतदान होते तेव्हा दुकान राहावे यासाठी उभी बाटली आणि बंद व्हावे यासाठी आडवी बाटली ही चिन्हे असतात, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडल्यास दुकान बंद करावे लागते. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा उसळलेल्या वादातही, वाइन हे शेतकऱ्याच्या द्राक्षाचे पेय की दारूच, हाच मुद्दा होता. त्या वादाचे उत्तर काहीही असो, वाइनचा दांडीदार पेला आणि देशीची चपटी यांतील अंतर चवीपेक्षा सामाजिक प्रतिष्ठेचे अधिक आहे, हे त्यातून उघड झाले.

टाकाऊ पात्राचा काळ

आज हिंगोलीत सर्वाधिक फिरणारे पेयपात्र कागदी कप हे आहे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात एकदाच वापरायच्या प्लास्टिक व थर्माकोलच्या कप-पेल्यांवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही तशीच बंदी लागू झाली, आणि टपरीवर कागदी कपाचा वापर वाढला. द्रोणाप्रमाणे तोही उष्ट्याचा प्रश्न सोडवतो आणि माणसामाणसांत भेद करीत नाही, हे त्याचे श्रेय मान्य करावे लागते. पण द्रव झिरपू नये म्हणून त्यालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर द्यावा लागतो, अँफोराच्या राळेची गरज येथेही सुटलेली नाही. आयआयटी खरगपूर येथील २०२० च्या अभ्यासात शंभर मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटे अशा कपात राहिल्यास त्यात सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात, असे आढळले. रसवंतीतला उसाचा रस काचेच्या ग्लासातून मिळतो, पण ग्लास एकाच बादलीत बुडवून धुतला जात असेल, तर काचेचा निर्लेपपणा फुकट जातो.

निष्कर्ष

वरील आढाव्यातून पात्रभेदाच्या कसोट्यांचा एक क्रम हाती येतो. आंबट पेयाला तांबे-पितळ वर्ज्य ही कसोटी पहिली, कारण ती आरोग्याची आहे. तापमान ही दुसरी. तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा युरोपीय सल्ला थंड घरांसाठी आहे, हिंगोलीच्या मे महिन्यातील खोलीसाठी नाही, म्हणून येथे तीही पंधरा ते अठरा अंशांपर्यंत थंड करावी आणि पेला दांडीने धरावा हे अधिक महत्त्वाचे ठरते. पात्राची स्वच्छता ही तिसरी, माप ही चौथी, आणि गंधासाठी आकार ही पाचवी होय. आत वळलेल्या तोंडाचा एकच साधा काचेचा पेला जवळजवळ प्रत्येक वाइनला पुरतो, आणि प्रत्येक प्रकारासाठी निराळा पेला घेण्याने होणारा लाभ किरकोळ असतो. माणसागणिक पात्र वेगळे करण्याची कसोटी या क्रमात कोठेच बसत नाही, तरी ती शतकानुशतके सर्वांत कठोरपणे पाळली गेली. म्हणून मराठवाड्यातील पेयपात्रांचा इतिहास लिहिताना दरबारी सुरई आणि विलायती पेला यांच्याइतकीच टपरीबाहेरची वेगळी कपबशी, शिंदीचे चुना लावलेले मडके आणि कल्हईची भट्टी यांची नोंद घेणे आवश्यक आहे. पेयाने पात्र किती ठरवले आणि समाजाने किती ठरवले, याचा हिशेब या नोंदींवाचून पुरा होणार नाही.